कावळा शिवेना

रक्षाविसर्जनाला सगळे हॉकीवाले नदीकाठी जमले होते, पण वाकरेकरसाहेबांच्या नैवेद्याला कावळा काही शिवेना. कावळे भरपूर होते, भिंतीवर ओळीनं बसलेले, आणि एकही ओरडत नव्हता. "देशासाठी खेळलेला माणूस, जीव मैदानात अडकलाय," एक काका म्हणाले. "खेळाडू सोन्यासारखा, पण हॉकी संघटनेचा अध्यक्ष झाल्यावर पोरींची टीम त्यानंच बंद केली की!" दुसरे पुटपुटले. त्या टीमची गोलकीपर मीच! "आबा, स्टेडियमला तुमचं नाव देतो," त्यांचा मुलगा हात जोडून म्हणाला. एकही पंख हलला नाही. "पुतळा उभारतो!" तरी शांतता. मग मला राहवेना. "साहेब, खेळलात झकास, पण आमचं वाटोळं केलंत. टीम आम्ही परत उभी करणार!" झपकन कावळा उतरला आणि भाताला शिवला. लोक घाईनं उठले. काका माझ्या कानाशी कुजबुजले, "पोरी, ऐकलंय त्यांनी. आता माघार न्हाय."