अबोला

माझी बायको एस्तेर गेली, त्या दिवसापासून मी देवाशी अबोला धरला. चाळीस वर्षं त्याच्या देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, पेटी वाजवली, तिच्या आजारपणात उपास केले, तरी शेवटी त्याने स्वतःचंच खरं केलं. मग मीही ठरवलं, आता उपासना बंद.

रविवारी सकाळी मात्र इस्त्रीचा सदरा घालून देवळासमोरच्या कट्ट्यावर जाऊन बसायचो. मी आत आलेलो नाही, हे त्याला नीट दिसायला हवं ना!

चौथ्या रविवारी उपासना आटोपून पाळकसाहेब माझ्या शेजारी येऊन बसले. आता हे बायबलमधल्या, सगळं गमावूनही देवाला न सोडणाऱ्या ईयोबाची गोष्ट सांगणार, म्हणून मी तोंड फिरवलं. पण त्यांनी एवढंच विचारलं, "मास्तर, किती दिवस चालायचं हे?"

"तो माझी माफी मागेपर्यंत. तोवर त्याच्याशी एक शब्द बोलणार नाही."

"हे त्याला सांगितलंत का?"

"रोज सांगतो!" मी तावातावाने म्हणालो. "सकाळ-संध्याकाळ, गुडघे टेकून सांगतो!"

पाळकसाहेबांनी हसू दाबत रस्त्याकडे पाहिलं. काय बोललो ते माझं मलाच ऐकू आलं आणि एस्तेर गेल्यापासून पहिल्यांदा मी हसलो. मग मात्र त्यांचा हात धरून पुष्कळ रडलो.