खुर्ची परत आणायला

हिंमतराव बुधवार पेठेतल्या त्या गल्लीत शिरले तेव्हा कादर आपल्या दुकानात कुणाचा तरी मोबाइल उघडून बसला होता. त्याच्यामागे भिंतीला चाकांची खुर्ची घडी घालून टेकवलेली होती.

हिंमतराव सदाशिव पेठेतल्या एका छोट्या संस्थेचं काम बघत. वॉकर, कुबड्या, चाकांच्या खुर्च्या गरजूंना फुकट वापरायला द्यायच्या आणि गरज संपली की परत घ्यायच्या. कादरने आईसाठी ही खुर्ची नेली होती. आई पावसाळ्यात गेली. दिवाळी उलटली तरी खुर्ची आली नव्हती. त्यात संस्थेतल्या कुणीतरी सांगितलं, खुर्ची रस्त्याने फिरताना दिसते आणि बसलेलं माणूस दर वेळी वेगळं असतं.

"भाडं काय घेता?" हिंमतरावांनी विचारलं. आवाज मुद्दाम चढा ठेवला होता. "नाही, आम्ही फुकट देतो, म्हणून विचारलं. धंदा कसा करायचा ते आम्हालाही कळू दे."

शेजारची दारं उघडली. कादर उठून काही सांगू लागला, पण हिंमतरावांनी हात वर करून त्याला थांबवलं. खुर्ची उचलून कादरने गल्लीच्या तोंडाशी थांबवलेल्या रिक्षापर्यंत नेली आणि आत नीट बसवून दिली.

रिक्षा दगडूशेठ गणपतीपाशी गर्दीत अडकली, तेव्हा एक बाई धापा टाकत तिच्यापाशी येऊन पोचली. आपण कादरच्या शेजारी राहतो, नाव सत्यशीला, असं तिने सांगितलं. तिची मुलगी उत्कर्षा शाळेत होती. तिच्या पायांत बळ नव्हतं. सकाळी गल्लीतलं कुणी ना कुणी तिला या खुर्चीतून शाळेत पोचवायचं. मग तीच खुर्ची गल्लीतल्याच बद्रीनाथकाकांना व्यायामासाठी दवाखान्यात न्यायची आणि शाळा सुटायच्या वेळी पुन्हा शाळेच्या दारात जायची. अजून काही दिवस ठेवली तर चालेल का, हे विचारायला कादर संस्थेत येऊनही गेला होता. पण तो कामातून सुटायचा तेव्हा संस्थेला कुलूप असायचं.

"खुर्ची न्या तुम्ही," ती म्हणाली. "फक्त तेवढं तिला घरी येऊ द्या."

हिंमतरावांनी रिक्षावाल्याला शाळेकडे वळायला सांगितलं.

बाकीची मुलं निघून गेली होती. उत्कर्षा मांडीवर दप्तर घेऊन पायरीवर एकटीच बसली होती. हिंमतरावांनी रिक्षा सोडून दिली आणि खुर्ची स्वतः ढकलायला घेतली. थोडं पुढे गेल्यावर मुलीने मान वळवून पाहिलं.

"आज तुमचा नंबर का, आजोबा?"

"हो," ते म्हणाले. सत्यशीला शेजारून चालत होती.

वाटेत त्यांनी मनात माफीची दोन-तीन वाक्यं जुळवली होती. गल्लीत शिरताच पुन्हा तीच दारं उघडली, आणि त्यांतलं एकही वाक्य तोंडातून बाहेर येईना. कादर दुकानातून उतरून आला. त्याने उत्कर्षाला उचलून तिच्या घरात नेऊन बसवलं. बाहेर येऊन खुर्चीची घडी घातली आणि ती हिंमतरावांच्या पुढ्यात ठेवली.

"घ्या काका. आता मोकळी आहे. रिक्षा बघू का?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं हिंमतरावांना वाटलं.

आतून उत्कर्षा आईला विचारत होती, उद्या मला कोण नेणार. आईचं उत्तर ऐकू आलं नाही. गल्ली हिंमतरावांकडे बघत होती, आणि ते आपल्या चपलांकडे.

"कादर," मान वर न करता त्यांनी विचारलं, "सकाळी शाळा किती वाजता भरते?"