चार नानासो, एक नोंद

तीन नानासो भोइटे पाणी संस्थेच्या ऑफिसात एकदम शिरले, तेव्हा सेक्रेटरी लालासाहेबांनी सही करायला पेनाचं टोपण नुकतंच काढलं होतं. त्यांनी ते परत लावलं. समोर बसलेल्या कपिलचा जीव टांगणीला लागला.

त्या एका सहीवर कपिलची नोकरी कायम होणार होती. संस्थेचा पाणीपाळ्यांचा पंधरा वर्षांचा जुना प्रोग्राम त्याने नव्या ॲपमध्ये आणून बसवला होता. आता 'सभासदांची कोणतीही तक्रार नाही' या ओळीखाली सही घ्यायची आणि संध्याकाळच्या आत सांगलीला, विश्रामबागेतल्या कंपनीत पोचवायची, एवढंच काम उरलं होतं. आईने तर गल्लीत पेढेही वाटून टाकले होते. आणि नेमकी आताच ही तीन माणसं कोरेगावच्या मे महिन्यातल्या उन्हातून तक्रार घेऊन आली होती.

"आमचं पानी त्या नानासोच्या रानात कुनाच्या हुकमानं सोडलं?" पहिल्याने विचारलं. हा फौजेतून सुभेदार होऊन परतलेला नानासो. बसायला सांगितलं तरी बसला नाही.

"आलं लावून आठ दिवस झाल्यात," दुसरा म्हणाला. "पुढची पाळी अठरा दिवसांनी. तवर कंद भाजून निघंल जमिनीत."

तिसऱ्याने नुसती मान हलवली. बोलण्यासारखं या दोघांनी काही ठेवलंच नव्हतं.

पाणी कुठे गेलं ते पाळीप्रमाणे पाणी सोडणाऱ्या पाटकरी धुळाने दारातूनच सांगून टाकलं. "सकाळी सा वाजल्यापास्नं चौघांचं पानी एकाच्याच रानात चाललंय. निसतं कुसळ हाय तिथं. पर नव्या ॲपच्या कागदावर एकच नानासो हुता. सेक्रेटरी म्हनलं हुतं, कागदाभायेर एक थेंब जाता कामा न्हाई. न्हाई जाऊ दिला."

लालासाहेब छताच्या पंख्याकडे बघू लागले.

कपिलला सगळं माहीत होतं. म्हणजे अगदी लेखी माहीत होतं. प्रत्येक नव्या ॲपबरोबर कंपनी एक कागद देते. त्यात दोन याद्या असतात. एक माहीत असलेल्या अडचणींची, दुसरी सुटलेल्या अडचणींची. जुन्या प्रोग्राममध्ये जागा कमी, बापाचं नाव त्यात मावत नसे. गावात नानासो भोइटे चार. मग त्या वेळच्या कारकुनाने आपलं डोकं चालवून प्रत्येकाच्या नावापुढे कंसात एक खूण लिहून ठेवली होती. एकाच्या पुढे मिलिटरी, एकाच्या पुढे चिंच, असं काय काय. कपिलने ते कंस पाहिले होते. पहिल्या यादीत इमानदारीने लिहिलंही होतं, 'कंसातला मजकूर कशासाठी आहे, संस्थेला विचारणे.' फोनवर दोन मिनिटांचं काम होतं.

पण साहेब होते ऋषिराज. ते म्हणाले, "माहीत असलेल्या अडचणी गिऱ्हाइकाला दाखवायच्या नसतात रं. कंस उडव की सगळे."

कपिलने उडवले. कंस गेल्यावर चारही नानासो अगदी एकसारखे झाले. ॲप भलतंच हुशार. एकच माणूस चार वेळा लिहिलाय, असं त्याला वाटलं. त्याने सगळ्यात जुनी नोंद ठेवली आणि बाकीच्या तीन पुसून त्यांचं पाणी तिच्याच नावावर टाकलं. दुसऱ्या यादीत मानाने एक ओळ आली, 'सभासदाची दुबार नोंद होण्याची चूक दुरुस्त केली.' तीन धडधाकट शेतकरी आणि त्यांची साडेचार एकर आल्याची लागण, अशी एका ओळीत निकालात निघाली. या ओळीबद्दल ऋषिराजांनी कपिलच्या पाठीवर थापही मारली होती.

कपिल व्हरांड्यात गेला आणि त्याने साहेबांना फोन लावला.

"ते सुटलेल्या अडचणींत आहे ना?" ऋषिराज म्हणाले. "मग ती अडचण नाहीच. आणि हे बघ, तिघं नाराज असतील, पण ज्याला चौघांचं पाणी मिळालं तो तर खूश असेल? त्याची सही घे. एक समाधानी सभासद पुरतो आपल्याला."

खिडकीतून कपिलला सुभेदार दिसत होता. तो अजून उभाच होता, सदरा पाठीला चिकटलेला. कपिलला लाज वाटली. खोटं कशाला सांगायचं, चांगलीच वाटली. पण दुबार नोंदीची ती ओळ त्यानेच लिहिली होती आणि पेढेही परत मागता येत नव्हते. लाज साधारण अर्धा मिनिट टिकली.

तो आत आला. चेहऱ्यावर कंपनीने शिकवलेलं हसू होतं.

"काका, तुमचं पुढच्या पाळीला बघू आपण. मला एवढंच सांगा, ज्या नानासोंना पाणी मिळालं, त्यांची काही तक्रार आहे का?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"त्याची कशापायी असंल?" दुसरा म्हणाला.

"झालं तर मग!" कपिलने कागद लगबगीने पुढे सरकवला. "त्यांना तेवढं बोलवून घ्या. एक सही झाली की मी निघतो."

लालासाहेबांनी पेन खिशाला अडकवलं. धुळाने तोंडाला टॉवेल लावला आणि तो घाईने बाहेर गेला. सुभेदार पहिल्यांदाच खुर्ची ओढून कपिलच्या शेजारी बसला. त्याचा आवाज आता एकदम मऊ झाला होता.

"त्यो न्हाई यायचा, बाळा. सा वरसं झाली, आमीच खांदा दिलाय त्याला."