बिनडीजेची हळद

हे लिहून ठेवणार नव्हतो. परीक्षेच्या गेटवर दोन पोरं, एक स्कूटर, यात गोष्ट ती काय? टाइप केलं, पुसलं, परत टाइप केलं. डोक्यातून जाईना.

तर, रोडपालीतलं सीईटीचं सेंटर. सकाळ. गेट अजून उघडलं नव्हतं, बाहेर रांग लागली होती. कल्पेश हितेशच्या स्कूटरवरून उतरला आणि त्याने हॉल तिकीट परत एकदा काढून बघितलं.

हितेशच्या कानामागे अजून पिवळं होतं. आज संध्याकाळी त्याच्या बहिणीचं, मनिषाचं लग्न. काल कामोठे गावात तिची हळद झाली. डीजेशिवाय. गावात असं कधी कोणी ऐकलं नव्हतं.

"झोपलास ना मस्त?" हितेश म्हणाला. "एक स्पीकर लावू दिला नाय. मामा रुसला, जेवला पण नाय. आत्या बोलली, ही हळद हाय का तेरावं? मी बोललो, बाजूच्या घरातल्या कल्पेशची उद्या परीक्षा हाय. मग बायकांनी नुसते लग्नाचे धवले गायले. ते पण हळू आवाजात."

कल्पेशने हॉल तिकिटाची घडी घातली. उघडली. परत घातली.

"बोल ना रं."

"झोपलो नाय."

"काय?"

"झोपच नाय लागली. आवाजच नव्हता ना." कल्पेश खाली बघत बोलत होता. "मार्चपासून गल्लीत रोज कोणाची तरी हळद. सगळ्या मॉक टेस्ट मी डीजेतच दिल्या. खिडकीची काच थडथडायची आणि मी गणितं सोडवायचो. काल सगळं शांत झालं, आणि मला गेल्या वर्षीचा हॉल आठवला. तो पण असाच शांत होता."

पेपर कॉम्प्युटरवर असतो. गेल्या वर्षी त्या हॉलमध्ये अर्धा तास झाल्यावर काहीच सुचेना म्हणून कल्पेशने माऊसवरचा हात काढला. पेपर संपेपर्यंत परत ठेवलाच नाही. यंदाही तसंच झालं तर इंजिनिअरिंग विसरायचं आणि काकाच्या खडी-रेतीच्या डंपरवर जायचं, असं घरात ठरलं होतं.

हितेशने स्कूटर स्टँडवर लावली.

"म्हणजे मी अख्ख्या गावाच्या शिव्या खाल्ल्या, सख्ख्या बहिणीची हळद सुकी काढली, आणि तुला पायजे होता आवाज?"

"हो."

"मग काल बोलायचं ना, येड्या!"

"तू माझ्यासाठी एवढं केलंस. कसं बोलणार?"

हितेश असा हसला की पुढची सगळी रांग मागे वळली. हसता हसताच त्याने स्कूटरच्या सीटवर दोन्ही हातांनी हळदीचा ठेका धरला. धडाधड.

"गप रं, लोक बघतात!"

"बघू दे. फुकट हाय."

रांगेतल्या एक बाई वैतागल्या. "अहो, जरा शांत राहा ना. इथे मुलांना टेन्शन आलंय."

"राहू दे ना आई," त्यांची मुलगी म्हणाली. तिची बोटं पाण्याच्या बाटलीवर तोच ठेका वाजवत होती.

गेट उघडलं. रांग सरकली. कल्पेशच्या हातातली हॉल तिकिटाची घडी आता तशीच होती. चपलेतलं पाऊल मात्र हलत होतं, ठेक्यात.

हितेश रांगेच्या बाजूने त्याच्याबरोबर चालला. "ऐक. तू येईपर्यंत मांडवात काय वाजवत नाय. तू आलास की एकदम चालू."

"नको. आत्ताच जाऊन चालू कर."

"कामोठ्याचा आवाज इथं येतो काय?"

"नाय आला तर नाय आला. तिकडं वाजतंय, एवढं मला माहीत असलं की बास."

सिक्युरिटीवाल्याने कल्पेशला हात वर करायला लावले आणि त्याचे खिसे चाचपायला घेतले. तसाच, दोन्ही हात वर, कल्पेश मागे वळून ओरडला,

"तू वाजव रं! मी माऊस सोडणार नाय!"