अंगावर खूण नाही

"कुठं कापलंय ते मला दावा," मल्लव्वा म्हणाली आणि डॉक्टरांच्या टेबलासमोरून हलेना.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "कुणाला कापलंय, बाई?"

"आमच्या मालकांस्नी. मागच्या म्हैन्यात आठ दिस हितं हुते. लघवी तुंबत हुती. आपरेशन केलंसा म्हणं. पाठ चोळताना बघितलं, पोट बघितलं. कुठं वरखडासुदीक न्हाई!"

बाहेर व्हरांड्यातल्या बाकड्यावर बाळाप्पा दाराकडं पाठ करून बसला होता. सकाळी मुरगूडच्या स्टँडवरही तो म्हणत होता, "जाऊ दे की गं. मला बरं हाय. उगंच डाक्तरचं डोकं कशाला खायाचं?"

मल्लव्वा ऐकणारी नव्हती. नवऱ्याच्या गरीब स्वभावाचा तिला जन्मभर राग होता. कुणीही यावं आणि ह्याला गुंडाळून जावं. सतरा वर्षांपूर्वी विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून धाकटा दीर असाच डोक्यावर बसायला लागला, तेव्हा तिनंच बेल-भंडाऱ्याचं ताट नवऱ्यापुढं धरलं होतं. जिवात जीव आहे तोवर भावाचं तोंड बघणार नाही, म्हणून बाळाप्पानं भंडारा उचलला. घराच्या मधोमध भिंत आली. भिंतीपलीकडं दिवा लागतो की नाही, हेही मल्लव्वानं पुन्हा मान वळवून बघितलं नाही.

पण आज गोष्ट पाण्याच्या पाळीची नव्हती, जिवाची होती. तिचा बाप लघवी तुंबूनच गेला होता, तीन दिवस तडफडून. म्हणून श्रावणात बाळाप्पा रात्रीतून चार-चारदा उठून परसात जायला लागला, अर्धा-अर्धा तास परत येईना, तेव्हा तिला बापाचं मरण दिसायला लागलं. विचारलं तर म्हणाला, "तुंबतंय." मग एक दिवस पिशवी उचलून कोल्हापूरला निघाला. ती बरोबर यायला उठली तर म्हणाला, "बायकांस्नी आत सोडत न्हाईत. शिवाजी पेठंतला दोस्त हाय जवळ."

परत आला तो पांढराफटक होऊन. आणि अंगावर खूण नाही! शेजारच्या बनाबाईनं आगीत तेल ओतलं. "आमच्यांस्नी बेंबीखाली वीतभर चिरलंय. तुमच्यांस्नी नुसतं झोपवून माघारी धाडलं, बघा."

"पेशंटचं नाव काय?" डॉक्टरांनी विचारलं.

मल्लव्वानं पदर सारखा केला. "नाव कसं घिऊ मी? मगदूम. मुरगूडचं."

नर्सनं कपाटातून केसपेपर काढून दिला. डॉक्टरांनी चष्मा चढवला. "हं. मगदूम, मुरगूड. वय साठीच्या घरात. लघवीच्या वाटेभोवतीची गाठ वाढलेली. झालंय की ऑपरेशन, दुर्बिणीतून."

"दुर्बिणीतनं लांबचं बघत्यात. कापत्यात कुठं?"

"अहो, ही बारीक दुर्बीण. लघवीच्या वाटेनंच आत घालायची. तिच्या टोकाला विजेची तार असते. तिनं गाठ आतल्या आत खरवडून काढायची. पोटाला सुरी लावायचीच नाही."

"म्हंजे विहिरीचा काठ न फोडता गाळ काढला म्हणा की!" ती हिणवत म्हणाली.

"तसंच. गाळ काढायला काठ कोण फोडतं?"

 पण मल्लव्वा काही असलं ऐकायला पंचवीस मैल आली नव्हती.

डॉक्टर पुढं वाचत होते. "रक्त जरा जास्त गेलं होतं. एक बाटली चढवावी लागली."

"व्हय, ती तेवढी खूण हाय! कोपराच्या खोबणीत सुईचा डाग. आठ दिसांत तेवढंच केलंसा. आनि बायकांस्नी सोडत न्हाई म्हणं! मग त्या आत बसल्यात त्या दोघी कोण? नर्शी?"

"बायकांना सोडत नाही असं कोण म्हणालं तुम्हाला?"

"बघा! हेबी खोटंच!"

तेवढ्यात व्हरांड्यात आया शालूबाई चहाचा कप घेऊन बाळाप्पापुढं उभी राहिली. तो हातानं नको-नको करत होता, ती हसून कप पुढं सरकवत होती.

"चा पाजून गप करताय व्हय माणसाला?" मल्लव्वा दारातून ओरडली. शालूबाई कपासकट पळाली.

"बाई, आवाज जरा खाली घ्या. आत आजारी माणसं आहेत."

"का घिऊ? शहरातला असता कुणी, तर कागदं दावली असती, फोटू दावला असता. आमी अडाणी. आमाला काय, कायबी सांगावं!" तिनं दोन्ही हात टेबलावर टेकले. "डाक्तर, माझा बा असाच गेला वो. शेवटाला पानीसुदीक मागायला भीत हुता. गाठ आत ऱ्हायली आसंल तर ह्यांचंबी तसंच हुईल. ह्यांस्नी तोंड न्हाई. कुनाला जाब इचारत न्हाईत. मला इचारायला पायजे. माझ्यासमोर तपासा, मगच मी हितनं जाईन."

डॉक्टरांनी केसपेपर मिटला. त्यांचा स्वर उतरला. "बरं. बोलवा त्यांना आत."

"अवो! या की आत! भेताय कुनाला?"

बाळाप्पा उठला नाही. तिनं पुन्हा हाक मारली. तेव्हा तो हळूहळू उठला, डोक्याचा रुमाल काढून हातात घेतला आणि खाली मान घालून दारात येऊन उभा राहिला. मल्लव्वानं त्याचं मनगट धरून त्याला टेबलापर्यंत ओढत आणलं.

डॉक्टरांनी वर पाहिलं आणि त्यांचा वैतागलेला चेहरा खुलला.

"अहो बाळाप्पा, तुम्ही! बसा, बसा. भाऊ कसा आहे? तुमचं रक्त मानवलं ना त्याला?"