आबांची काच

शहराची हवा अखेर सुधारली आणि चंद्रपुरातल्या बहुतेक गाड्यांच्या काचा आठवडाभरात उघडल्या, पण सुनंदा चटपची टॅक्सी काही केल्या ऐकेना. हवेच्या सेन्सरने हिरवा दिवा दाखवला तरच काच उतरणार, असा कायदा होऊन नऊ वर्षं झाली होती.

"आपल्याच गाडीले काय धाड भरली?" मागच्या सीटवरून तिचे वडील, आबा, करवादले. खिडकीत कोपर टेकून फिरायची आबांची जुनी हौस नऊ वर्षं काचेआड अडकली होती.

सुनंदाने गाडी बंद केली, डॅशबोर्डची जाळी काढली आणि कोरड्या ब्रशने आतला सेन्सर अलगद झाडला. ब्रशला काळीकुट्ट काजळी लागली. तिने ती हुंगून पाहिली. मोगरा!

जाळीच्या वरच छोटा गणपती बसवला होता. शहराची हवा सुधारू दे, म्हणून ती रोज त्याच्यापुढे मोगऱ्याची उदबत्ती लावायची.

तिने कपाळावर हात मारला. "बाप्पानं तर ऐकलं होतं, आबा. माझ्याच धुरापायी गाडीले समजलं नाही."

गाडी सुरू केल्यावर दिवा हिरवा झाला. काच कुरकुरत खाली गेली. आबांनी कोपर बाहेर काढलं आणि डोळे मिटले.

"उद्यापासून नुसतं फूल वाहात जाय," ते म्हणाले. "अन् आज हळूच चालव. मले कुठंच पोचायचं नाही."