दादाची घळ

"तासाभरात खाली, गाडीपाशी," थोरला भाऊ म्हणाला आणि काठीने घळ दाखवली. "ही घळ मला ओळखते. तुम्ही तोंड बंद ठेवायचं आणि माझ्या मागून यायचं."

दोन शिखरांमधल्या खिंडीत तिघं होती. थोरला, धाकटा आणि धाकट्याची बायको. साडेतीन वाजले होते. उतरायच्या वाटा दोनच. एक ही घळ, उभी, सरळ खाली जाणारी. नाहीतर आल्या वाटेने पुन्हा पहिलं शिखर चढायचं आणि त्याच्या लांबलचक सोंडेवरून उतरायचं. त्याला तीन तास लागत होते, आणि खालून ढग वर सरकायला लागले होते.

धाकटा दगडावर पाय लांब करून बसला होता. सकाळी पहिल्या शिखरावरून खिंडीत येताना शेवटच्या कातळावरून त्याने उडी मारली आणि गुडघा दुखावून घेतला. दुसरं शिखर त्याने केलंच नाही. ती दोघं जाऊन येईपर्यंत तो इथेच बसून राहिला. गुडघा आता टम्म सुजला होता.

बायको घळीच्या तोंडाशी वाकून बघत होती. तिने एक दगड पायाने ढकलला. त्याच्याबरोबर आणखी वीस-पंचवीस निघाले.

"भाऊजी, हा सगळा घसारा आहे. यांचा पाय बघा. एकदा घसरले की थेट तळालाच सापडतील."

"तुला काय कळतं? आज पहिल्यांदा डोंगर बघतेयस."

"पण मागे वळून बघत आलेय. आल्या वाटेचं एकेक वळण पाठ आहे मला."

ते खरं होतं. चढताना जो सगळ्यांत मागे असेल त्याने दर वळणावर मागे वळून बघायचं, कारण उतरताना तीच वाट परकी दिसते. आणि उतरताना त्यानेच पुढे व्हायचं. हा नियम थोरल्यानेच पहाटे गाडीत ऐकवला होता, चांगला अर्धा तास. स्वतः तो जन्मात कधी मागे चालला नव्हता. त्यामुळे या नियमाने एखाद्या दिवशी आपल्यालाही कुणाच्या तरी मागून जावं लागेल, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"पुढच्यास ठेच, मागचा शहाणा," ती म्हणाली. "तुमचाच नियम. उतरताना मी पुढे."

"घरात एक चहा वेळेवर होत नाही, आणि निघाली वाट दाखवायला!"

तिचं डोकं तडकलं. पण आवाज तिने खालीच ठेवला.

"तुम्ही या घळीतून उतरला होतात?"

"बावीस वर्षं सांगतोय. घरातल्या भिंतींनासुद्धा पाठ आहे ती गोष्ट."

"ती चढल्याची गोष्ट आहे. उतरला होतात का?"

थोरल्याने काठी जमिनीवर आपटली. "चढलेलं उतरता येतंच. लहान पोरालाही कळतं."

"दादा," धाकटा म्हणाला.

दोघांनी वळून बघितलं. भावासमोर तो कायम मूग गिळून बसायचा, त्यामुळे तोही इथे आहे हे दोघं जवळजवळ विसरलीच होती.

"मध्ये कातळाचा टप्पा आहे. तिथे माझ्या खांद्यावर पाय देऊन तू वर गेलास. वरून हात देतो म्हणालास."



"मग?" बायकोने विचारलं. "दोघं वर पोचलात ना? गोष्टीत तर दोघं पोचता."

"मी खालीच होतो. हाका मारून मारून घसा बसला. दिवस कलला तेव्हा एकटाच मागे फिरलो. घरी आलो तर हा सोंडेवरून उतरून माझ्याआधी पोचला होता. सगळ्यांना सांगत होता, दोघं वर जाऊन आलो, धाकटा मागून येतोय."

"तुझीच अब्रू राखली मी," थोरला कडाडला. "नाहीतर काय सांगायचं होतं? याला जमलं नाही, हा खाली रडत बसला?"

धाकट्याने मान खाली घातली. बायकोने त्याची सॅक उचलून पोटावर अडकवली. स्वतःची पाठीवर होतीच.

"उठा," ती नवऱ्याला म्हणाली. "घळीतून ज्याला जायचंय त्याने जावं."

ती निघाली. मागून धाकटा लंगडत निघाला. थोरला घळीच्या तोंडाशी थोडा वेळ उभा राहिला, त्याने एकदा खाली बघितलं, आणि मग शिव्या पुटपुटत सगळ्यांत शेवटी चालू लागला.

दहा मिनिटांत सकाळचा कातळ आला. पुरुषभर उंचीपेक्षा जरा जास्तच, आणि गुळगुळीत. पकड डावीकडे आहे हे बायकोला माहीत होतं. ती वर गेली. धाकट्याचा गुडघा मात्र वाकेना.

थोरला कातळाला टेकून वाकला. "दे पाय. आटप लवकर."

धाकट्याने चिखलाचा बूट भावाच्या खांद्यावर ठेवला. बायकोने वरून दंड धरून ओढलं. तो वर आला आणि धापा टाकत कडेलाच बसला.

थोरल्याने काठी वर फेकली. दोनदा पाय लावून बघितला, दोन्ही वेळा घसरला. मग हात वर केला.

"चल, हात दे."

धाकटा त्या हाताकडे बघत राहिला. बायको वाकायला गेली, तर त्याने तिला कोपराने मागे सारलं. खाली खिंड ढगात बुडाली होती. घळ तर दिसतच नव्हती.

"देतो," तो म्हणाला. "आधी सांग दादा, घरी काय सांगायचं?"

ढग थोरल्याच्या कमरेपर्यंत आले. हात वरच होता.